सायकलवर पायांची ताकद कशी तपासू?

प्रश्न: मी मुलींचा खो-खो संघ तयार करते. एकीचा पहिला झटका जबरदस्त, पण लगेचच्या पाठलागात पाय जड पडतात. कॉलेजच्या लॅबमध्ये मोनार्क सायकल आहे (जागेवरच चालवायची, चाकावर भार लावता येतो ती). पोरीचं वजन ६० किलो. भार किती लावू?

उत्तर: ताई, विंगेट चाचणी घ्या. भार वजनाच्या ७.५ टक्के, म्हणजे ४.५ किलो. ३० सेकंद जीव तोडून पेडल मारायचं, हातचं काही राखायचं नाही. पेडलच्या एका फेऱ्याला चाकाची कड ६ मीटर सरकते; मिनिटाला १३० फेरे पडले तर पॉवर साधारण ५७५ वॉट. सर्वांत जोरदार ५ सेकंद आणि सर्वांत मंद ५ सेकंद यांतली घसरण बघा, तुमचं दुखणं तिथेच सापडेल. संपल्यावर तिला लगेच उतरवू नका. भार काढून हळूहळू पेडल मारू द्या, नाहीतर चक्कर येते, मळमळतं.

प्रश्नकर्ती: आणि तिचा जोर कमी पडतो की वेग, हे कसं कळेल?

उत्तर: ते विंगेटमध्ये नाही कळत. वेगवेगळ्या भारांवर ६-६ सेकंदांचे स्प्रिंट घ्या, मध्ये पाचेक मिनिटं पूर्ण विश्रांती. भार वाढला की फेरे घटतात, पॉवर मधेच कुठेतरी शिखर गाठते. जड भारावर अडली तर स्क्वॅट वाढवा. हलक्यावरही फेरे पडत नसतील तर वेगावर काम करा.

दुसरं उत्तर: सीटची उंची लिहून ठेवा हो! ती बदलली की आकडे तुलनेचे राहत नाहीत.