हळद 'मसाले'खाली घालू की 'शेतमाल'खाली? मुख्य गट-पोटगटाबद्दल विचारायचंय

पेठवाला, सांगली
दुकानाचा माल टॅलीत (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि वेबसाइटवर नव्याने मांडायचाय. हळद (राजापुरी, सेलम, हळकुंड, गड्डा, पावडर), बेदाणा (हिरवा, पिवळा, काळा) आणि गूळ. हळद दोन्ही मुख्य गटांत घालता येते का? पोटगट किती खोल न्यावेत?

जमाखर्ची
टॅलीत नाही. एका वस्तूला एकच स्टॉक ग्रुप (मालाचा गट). खालचा आकडा वर चढत जातो, दोन बाप (वरचे गट) दिले तर तोच माल दोनदा मोजला जाईल. दुसरी वर्गवारी हवीच असेल तर एफ11 मध्ये (कंपनीच्या सेटिंगमध्ये) स्टॉक कॅटेगरी चालू करा, ती ग्रुपला समांतर चालते: ग्रुप 'हळद', कॅटेगरी 'राजापुरी'. ग्रुप बनवताना मालाच्या प्रमाणांची बेरीज करायची का, असं विचारतं. एकाच ग्रुपात किलो आणि डबे असतील तर 'नो' द्या, नाहीतर निरर्थक आकडा येतो.

खरी गोची जीएसटीची. दर ग्रुपवर भरला की खालच्या वस्तूंना तो आपोआप लागतो. ओली हळद करमुक्त, वाळलेली 5 टक्के. दोन्ही एका ग्रुपात असतील तर एकीचं बिल चुकणारच. दर आणि एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाचा कोड) वस्तूवरच भरा. तसंही एचएसएनची उतरंड दुकानाशी जुळत नाही: हळद 0910 30, गूळ 1701, बेदाणा 0806 20, म्हणजे ताज्या द्राक्षांच्या (0806 10) शेजारी. 'शेतमाल' असा बाप तिथे नाहीच.

कोडकरी
वेबसाइटवर बेरीज नसते, शोध असतो. हळद दोन्हीकडे दाखवा, बिघडत नाही. वर्डप्रेसवर (वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर) खूण फक्त तळाच्या वर्गावर करा. 'मसाले' उघडलं की 'हळद'मधलं त्यात येतंच. मधला वर्ग पुसला तर त्याचे पोटवर्ग एक पायरी वर सरकतात.

राजापुरी, गड्डा, अर्धा किलो यांना पोटवर्ग करू नका, गुणधर्म करा. 2 जाती, 3 रूपं, 3 वजनं म्हणजे 18 पानं, त्यातली बरीच रिकामी. दोन थर पुरेत. वर्गांचं डेटाबेस टेबल स्वतः बनवत असाल तर पॅरेंट आयडीत (वरच्या वर्गाचा क्रमांक) स्वतःचा किंवा स्वतःच्याच पोटवर्गाचा आयडी जाणार नाही अशी तपासणी घाला. नाहीतर मेनू काढणारा कोड गोल फिरत बसतो.

वाचनालय_सातारा
ड्यूई दशांशातही (ग्रंथालयात पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याची पद्धत) तुमच्यासारखाच पेच. द्राक्षबागेचं पुस्तक 634.8, म्हणजे शेतीच्या 630 खाली. द्राक्षाच्या वाइनचं 663.2. फळ एकच, पण वर्ग विद्याशाखेवरून ठरतो. पुस्तक एकाच फळीवर बसतं म्हणून क्रमांक एक, विषयनोंदी मात्र हव्या तितक्या करा.

सातबारा
जमिनीत आणखी वेगळं. गट 45 फोडून 45/1, 45/2 केले की मूळ उतारा बंद होतो, पोरं जन्मली की बाप संपला. आकारफोड पत्रकात (फोडीचा सरकारी तक्ता) पोटहिस्स्यांच्या क्षेत्राची आणि आकाराची (साऱ्याची) बेरीज मुळाशी जुळलीच पाहिजे.

पेठवाला
मग टॅलीत वर्षाच्या मध्येच 'मसाले' फोडून 'हळद' वेगळी काढली तर?

जमाखर्ची
ग्रुप मास्टरमध्ये (वस्तूच्या मूळ नोंदीत) बदलतो, त्यामुळे मागच्या महिन्यांचे गटवार आकडेही बदलून दिसतील. एकूण बेरीज तीच राहील. जुना गटवार अहवाल आधी छापून ठेवा. आणि आतल्या वस्तू हलवल्याशिवाय जुना ग्रुप पुसला जात नाही.