मान हलवणे, मान डोलावणे, मान तुकवणे... आणि ती मधली वाली?

ढोबळी मिरची:
मंडळी एक अडलंय. एका कंपनीच्या ट्रेनिंग व्हिडिओचं मराठीकरण करतेय, कर्णबधिर लोकांसाठी सबटायटल्समध्ये बोलण्याव्यतिरिक्त काय घडतंय तेही लिहायचं असतं. इंग्रजीत होकाराला एक शब्द, नकाराला दुसरा, दोन्ही एका अक्षरखंडाचे, विषय संपला. मी भाबडेपणाने पहिल्या ठिकाणी लिहिलं "तो मान हलवतो" आणि दुसऱ्या ठिकाणी "ती मान हलवते". रिव्ह्यूअर बाईंनी लाल शेरा मारून परत पाठवलं, "हो की नाही??" मग "होकारार्थी मान हलवतो" केलं, तर स्क्रीनवर एवढी जागाच नाही आणि वाचताना सरकारी परिपत्रक वाटतं ते वेगळंच. "मान डोलावतो" म्हणावं तर मला तरी डोळ्यांपुढे ख्याल ऐकत बसलेले काका येतात. तर प्रश्न १, या दोन हालचालींना मराठीत सुटसुटीत वेगवेगळे शब्द आहेत का. प्रश्न २, व्हिडिओत एक चेन्नईचा माणूस आहे तो दोन्हीतलं काहीच करत नाही, ती आपली भारतीय वाली करतो, कान खांद्याकडे, मग दुसरा कान दुसऱ्या खांद्याकडे. त्याला काय म्हणायचं?

वरणभात:
मान डोलावणे म्हणजे संमती हे जुन्या कथा-कादंबऱ्यांत सर्रास आहे, "त्याने मान डोलावली" म्हणजे तो हो म्हणाला. काकांचा दोष नाही :) पण तुमचं म्हणणंही बरोबर आहे की डोलण्यात एक लय आहे, एकदाच खाली-वर केली तर ते डोलणं नव्हे. पीक डोलतं, हत्ती डुलतो, नाग डोलतो, जहाजाची डोलकाठी डोलते. सगळं मूळ दोला म्हणजे झोपाळ्यापाशी जातं. हिंदोळा त्यातलाच. आणि मजा म्हणजे आंदोलन पण त्यातलंच, दरबारीचा गांधार आंदोलित असतो तो झुलतो म्हणून, आणि रस्त्यावरचं आंदोलन म्हणजे लोकांनी व्यवस्थेला दिलेला झोका असं समजा.

आता तुमच्या विषयातलंच पुढचं बघा. हस्तांदोलन! शब्दशः हाताला झोका. हात धरून हलवायची पद्धत साहेबाबरोबर आली, आपल्याकडे तिला शब्द नव्हता, म्हणून कुणीतरी हा संस्कृत दागिना घडवला आणि बोलताना सगळे शेकहँडच म्हणत राहिले. देहबोली पण तसाच, इंग्रजीवरून उचललेला, फक्त तो छान रुळला. पण हावभाव, खुणा, इशारे, नेत्रपल्लवी, करपल्लवी हे आधीपासूनचे, आणि मला वाटतं यांतला प्रत्येक शब्द देहबोलीपेक्षा नेमका आहे. नेत्रपल्लवी म्हटलं की दोन माणसं आणि तिसऱ्यापासून लपवलेलं काहीतरी हे एका शब्दात आलं की नाही?

तिरकी टोपी:
मानेचे वाक्प्रचार मोजा जरा, मी चहा पिता पिता लिहिले. मान तुकवणे (मोठ्यांचं मान्य करणे, यात थोडी लीनता आहे, बायको म्हणाली बाहेर जेवू या तर आपण मान तुकवत नाही, निदान तसं लिहीत नाही). मान वेळावणे, हे नखऱ्याचं, लावणीतलं. मान उडवणे, म्हणजे फिकीर नाही असा झटका, पण तलवारीने पण उडवतात तेव्हा जपून वापरा. मान टाकणे, रोपाने पाणी नसल्यावर आणि माणसाने शेवटी. मान खाली घालणे, मान वर करून न बघणे, मान फिरवणे. एवढं सगळं आहे आणि साध्या हो-नाहीला मात्र एकच "हलवणे", हे मला आज पहिल्यांदा लक्षात आलं.

सोलापुरी चादर:
आमच्याकडं मुंडी हलवणे म्हणत्यात. मान म्हटलं की जरा पुस्तकी वाटतं. पण मुंडी शब्द जनावराकडनं आलाय असं आमचे आजोबा म्हणायचे, पाहुण्यांसमोर "मुंडी काय हलवतो, तोंडानं बोल" असं बोलायचे. आणि नंदीबैल कसा काय विसरला तुम्ही लोकं? नंदीबैलासारखी मान हलवणे हा तर सगळ्यात पक्का वाक्प्रचार.

लहानपणी दारात यायचा. अंगावर रंगीत झूल, शिंगांना गोंडे, कपाळावर कवड्यांची पट्टी, आणि तो माणूस ढोलक्यावर काठी घासून गुबूगुबू आवाज काढायचा. आई सूप घेऊन बाहेर यायची, सुपात पसाभर ज्वारी. तो विचारायचा "औंदा पाऊस बरा हाय का रं?" की बैल खाली-वर. "ह्या घरात कुणी लबाड हाय का?" की बैल आडवी. मी एकदा अगदी जवळ जाऊन बघितलं, कासऱ्याचा शेवट त्याच्या अंगठ्याखाली होता आणि आडवं विचारायच्या आधी काठीचा आवाज किंचित बदलायचा. बैलाला प्रश्न कळत नव्हता, काठी कळत होती. तरी ज्वारी मिळायचीच. म्हणून नंदीबैल म्हणजे ज्याची मान हलते पण हो त्याचं नसतं. हे नुसत्या "होकारार्थी"त कुठं बसवणार?

उत्तररात्र:
मी काही वर्षांपूर्वी सोफियाला प्रोजेक्टवर होतो, बल्गेरिया. तिथे उलटं आहे हे ऐकून गेलो होतो पण ऐकणं वेगळं आणि सकाळी साडेसातला दुकानात दूध मागणं वेगळं. दुकानदार बाईंनी मान वर झटकली, मी खुश, उभा राहिलो, त्या पण उभ्या. मग म्हणाल्या "ने". ने म्हणजे नाही. ही वर झटकायची मान म्हणजे नकार, आणि डावी-उजवीकडे हलवली की "दा", होकार. गोंधळ त्याच्या पुढेच आहे, कारण मी परदेशी आहे हे कळल्यावर ऑफिसातली पोरं माझ्या सोयीसाठी मुद्दाम जगासारखी मान हलवायची, मग आता हा त्यांच्या पद्धतीने हो म्हणतोय की माझ्या, ते कळायला त्याला परत विचारायचं, की तो परत मान हलवणार. शेवटी मी डोळे मिटून फक्त दा-ने ऐकायला लागलो.

पण एक सांगतो, त्यांचं ते हो-वालं डोलणं आपल्या मधल्या वाल्याच्या इतकं जवळचं आहे की तिथे मला पहिल्यांदा कुणी विचारलं नाही की तुझं हो आहे का नाही. त्याआधी स्टुटगार्टला होतो, तिथे मीटिंगमध्ये मॅनेजर बोलतोय आणि मी आपला मान डोलावतोय, मला म्हणायचंय बोला बोला ऐकतोय, तो बिचारा दोनदा थांबला आणि तिसऱ्यांदा पेन खाली ठेवून म्हणाला "या ओडर नाइन?" हो का नाही ते सांग. माझं दोन्ही नव्हतं हो.

ग्रीस आणि तुर्कस्तानात पण मान किंवा नुसत्या भुवया वर उचलल्या की नाही, आणि बरोबर जिभेने च्यक्.

तिरकी टोपी:
च्यक्! ते तर आपल्याकडे पण आहे की. "जेवलास का?" "च्यक्." मान हलवायचे पण कष्ट नाहीत. मुलं बोलायच्या आधी हे शिकतात.

वरणभात:
आणि तोच आवाज दोनतीनदा केला की कणव. चुकचुकणे. एकदा च्यक् म्हणजे नाही, तीनदा च्च च्च च्च म्हणजे अरेरे, आणि पालीने केला तर अपशकुन, मनात शंकेची पाल चुकचुकते ती हीच. लिहायची सोय नाही म्हणून आपण त्याला आवाज म्हणतो, पण दक्षिण आफ्रिकेत झोसा आणि झुलू भाषांत हेच रीतसर व्यंजन आहे, रोमन लिपीतलं सी अक्षर त्यासाठी वापरतात, शब्दांत येतं ते क ख ग सारखं. म्हणजे आपल्याकडे जी खूण ती त्यांच्याकडे अक्षर.

नकाराच्या मानेबद्दल डार्विनने १८७२ च्या भावनांवरच्या पुस्तकात लिहिलंय की तान्हं मूल नको असलेल्या घासापासून तोंड बाजूला फिरवतं तिथून ही आडवी मान आली असावी. पटतं बुवा. माझा आयडी उगाच वरणभात नाही, नातवाला भरवताना रोज हे शास्त्र बघतो, चमचा डावीकडून आला की मान उजवीकडे. पण मग बल्गेरियातली पोरं भात नको असेल तर काय करतात, हे उत्तररात्र यांनी बघितलं असेल तर सांगा.

उत्तररात्र:
सकाळी साडेसातला दूध मिळवणं हेच माझं फील्डवर्क होतं काका, तान्ह्या मुलांपर्यंत पोचलो नाही :)

गुळपोळी:
भरतनाट्यम शिकवते म्हणून बोलते. नाट्यशास्त्रात डोक्याच्या १३ हालचाली दिल्यात नावानिशी, अभिनयदर्पणात ९. आकंपित म्हणजे हळू वर-खाली, तेच भराभर केलं की कंपित. हळू आडवी हलवली की धुत, भराभर हलवली की विधुत. धुत कशासाठी, तर नको असणं, विषाद, मनाई वगैरे. विधुत कशासाठी, तर थंडी, भीती, ताप आणि नुकतीच दारू प्यायलेला! म्हणजे त्यांना दिसलं होतं की हालचाल तीच, वेग बदलला की अर्थ बदलतो. आणि परिवाहित म्हणून आहे, आळीपाळीने दोन्ही बाजूंना, ती विस्मय, हर्ष, आठवण यासाठी. मला ते तुमच्या चेन्नईवाल्याच्या सगळ्यात जवळचं वाटतं. फक्त सबटायटलमध्ये "तो परिवाहित करतो" लिहिलंत तर रिव्ह्यूअर बाई काय करतील माहीत नाही.

ढोबळी मिरची:
त्या कंपित होतील.

बाय द वे त्याच व्हिडिओत एक अंगठा पण आहे. "अंगठा दाखवतो" लिहिलं होतं मी! पाठवायच्या आधी लक्षात आलं.

तिरकी टोपी:
हाहा. आमच्या आत्याला घरच्या ग्रुपवर नवीन नवीन घेतलं होतं. तिने लिहिलं रविवारी सगळे जेवायला या, पुरणपोळी करते. माझ्या भावाने नुसता अंगठ्याचा इमोजी टाकला. आत्या दोन दिवस घुश्शात, "मी पुरण घालते म्हटलं आणि हा मला ठेंगा दाखवतो". तिच्या मराठीत अंगठा दाखवणे म्हणजे काही मिळणार नाही जा, आणि तिचं चूक काय होतं? इराणमध्ये तर जुन्या लोकांसमोर तो शिवीच आहे म्हणतात. तुम्ही "अंगठा वर करतो" लिहा.

गुळपोळी:
मूळ प्रश्नावर परत येते. ती मधली वाली म्हणजे हो पण नाही आणि नाही पण नाही, ती पोच आहे. पत्राची पोच देतात ना तशी. तुमचं बोलणं मिळालं, एवढंच. मान्य आहे का ते पुढचं बघू.

माझी धाकटी बहीण ओसाकाला असते, ती म्हणते जपान्यांचं पण असंच, समोरचा बोलत असताना सारखं हाइ हाइ म्हणत माना हलवतात, आपल्याला वाटतं मान्य झालं, आणि नंतर कळतं की ते फक्त ऐकत होते. त्याला त्यांच्याकडे शब्द आहे, आइझुची. मूळ अर्थ लोहारकामातला, उस्तादाच्या घणानंतर जोडीदाराने आळीपाळीने मारायचा घण. मला ऐकल्याबरोबर पोवाड्यातला झीलकरी आठवला, शाहिराच्या मागे "जी जी रं जी". तो काही शाहिराचं म्हणणं मंजूर करत नसतो.

वरणभात:
क्या बात है. आणि गोष्ट ऐकताना मुलांनी द्यायचा हुंकार. आजी थांबून विचारायची, "हुंकार कोण देणार?" हुंकार थांबला की मूल झोपलं असं समजायचं. तुमची ती तिसरी मान म्हणजे न बोललेला हुंकार. "मानेने हुंकार दिला" कसं वाटतं?

सोलापुरी चादर:
कवितेत छान वाटंल काका, ट्रेनिंग व्हिडिओत नको.

ओ मिरची ताई, तुम्ही हालचालीला शब्द शोधताय म्हणून अडलंय. आपण बोलताना हालचाल कुठं सांगतो? आई काय म्हणायची, "विचारलं त्याला, मानेनंच हो म्हणाला." "भाकरी वाढू का म्हटलं, मानेनंच नको म्हणाली." मान कुठल्या दिशेला गेली त्याच्याशी आपल्याला काय करायचंय, मान काय म्हणाली ते सांगायचं. बल्गेरियाला पण तेच चालंल.

ढोबळी मिरची:
अहो हे किती सोपं होतं आणि मी चार दिवस शब्दकोश उलटे करतेय. "मानेनेच हो म्हणतो", "मानेनेच नाही म्हणते". अक्षरं पण बसतात, मोजली आत्ता. आणि चेन्नईवाला "मानेनेच बरं म्हणतो"!! बरं म्हणजे नाहीतरी आपल्याकडे हो, ऐकलं, बघू, आणि आता गप्प बस, यातलं काहीही असतं.

तिरकी टोपी:
"बरं" ला माझं अनुमोदन. आडवं-उभं दोन्ही हलवून.

गुळपोळी:
मला अजून पोच जास्त आवडतं पण बरं.

ढोबळी मिरची:
अपडेट. फाइल पाठवली आणि रिव्ह्यूअर बाईंना फोन केला, म्हटलं मॅडम असं असं केलंय, मानेनेच हो, मानेनेच नाही, मानेनेच बरं, चालेल ना? पलीकडून काहीच आवाज नाही. मी हॅलो हॅलो करतेय, वाटलं रेंज गेली. दहा सेकंदांनी म्हणतात कशा, "अहो ऐकतेय, मान हलवली ना मी."