मालगुंडचं केशवसुतांचं घर : आईला झेपेल का?

शेवग्याची_शेंग :
नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला दोन रात्री आहोत. सोबत आई, वय ७९, एक गुडघा बदललेला, दुसरा रांगेत. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. फैजपूरची, त्यामुळे 'केशवसुत आमच्या गावात मास्तर होते' हे घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाआधी ऐकावं लागतं. पण त्यांचं घर काही तिने पाहिलेलं नाही. नवरा म्हणतो, अर्ध्या तासाचं काम, देवळातून येता येता उरकू. खरंच तेवढंच आहे का? आणि चालणं किती?

चिरेबंदी :
मी रत्नागिरीचा, पाहुणे आले की तिथे नेण्याची ड्यूटी माझीच. पुळ्याहून दोनेक किलोमीटर, रिक्षाने जा. घर जुन्या कोकणी पद्धतीचं, कौलारू. उंबरे आहेत, तिथे हात द्या.

यजमानांना सांगा, घर बघायला दहा मिनिटं पुरतात, पण आवारात कविता दगडावर कोरल्यात आणि दालनात मराठीतल्या इतर कवींचे फोटो आणि कविता आहेत. मराठीच्या बाईंना तिथून अर्ध्या तासात बाहेर काढून दाखवाच! स्मारक कोकण मराठी साहित्य परिषदेचं. १९९४ साली उद्घाटनाला कुसुमाग्रज आले होते.

रत्नागिरीहून येणार असाल तर आरे-वारेचा रस्ता घ्या. वळणं आहेत, आईंना गाडी लागत असेल तर पुढे बसवा.

पोथीनिष्ठ :
थोडी भर. जन्म मालगुंडचा असला तरी बालपणाचा बराच काळ दापोलीकडे वळण्याला गेला. पुढे शिक्षण आणि नोकरीपायी बडोदा, नागपूर, पुणे, मुंबई, खानदेश, धारवाड. १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने गेले, चाळिशीही गाठली नाही. जाण्याआधी 'नैर्ऋत्येकडील वाऱ्यास' वाचून घ्या. घाटावर बसून कोकणच्या वाऱ्याशी बोलणारा माणूस आहे तो. जन्मतारखेवरून अभ्यासकांत वाद आहे, ७ ऑक्टोबर १८६६ म्हणतात तशी १५ मार्चही म्हणतात.

चिरेबंदी :
पोथीनिष्ठ, त्यांनी गुडघ्याचं विचारलंय हो.

शेवग्याची_शेंग :
जाऊन आलो! सव्वादोन तास. नवरा मध्येच गायवाडीच्या किनाऱ्यावर फिरून, शहाळं पिऊन परत आला, तेव्हा आई 'तुतारी'पाशीच होती. काठी माझ्या हातात दिली होती आणि कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत वाचत होती, पुटपुटत नव्हे, वर्गात वाचतात तसं खणखणीत. सहलीची चार पोरं थांबली. त्यातल्या एकाला तिने 'पुढची ओळ?' विचारलं. त्याला आली नाही. ते प्रकरण परतीच्या वाटेत पुळ्यापर्यंत चाललं.

घरात मात्र गप्प होती. सगळं बघून झाल्यावर एवढंच म्हणाली, "इथून फैजपूर म्हणजे केवढं लांब गं! बोटीने मुंबई, मग आगगाडी. आणि आम्ही पोरांना 'मास्तरांची बदली' असं एका ओळीत सांगायचो."

पोथीनिष्ठ, वाऱ्याची कविता रात्री तिनेच म्हणून दाखवली. पाठ होती. मला माहीतच नव्हतं.

पुढच्यांसाठी : उंबऱ्यांना खरंच हात द्यावा लागतो. आणि सकाळी जा, दुपारच्या उन्हात दगड चमकतो, अक्षरं नीट दिसत नाहीत.