एडिनबरा: बाबांना एल्फिन्स्टनचं काय दाखवू?

प्रभादेवीची_लेक
बाबा (७४, गुडघे कुरकुरतात) पुढच्या महिन्यात माझ्याकडे एडिनबराला येतायत. एल्फिन्स्टन कॉलेजचे माजी विद्यार्थी. 'आमच्या एल्फिन्स्टनचं गाव दाखव' हा एकच हट्ट. एक दिवस, दोघांत मिळून ५० पौंड, गाडी नाही. कुठे नेऊ?

थंडीकाका
डोळे मिटून अबर्डीन! बिशप विल्यम एल्फिन्स्टनने १४९५ साली तिथलं विद्यापीठ काढलं. किंग्ज कॉलेजच्या चॅपलवर दगडी मुकुट आहे, बाहेर बिशपचं स्मारक. आमच्या वेळी असा वारा सुटला की हिची टोपी गेली ती गेलीच. दोन रात्री राहा.

प्रभादेवीची_लेक
काका, एक दिवस. ५० पौंड.

खडकीकर
बिशप कुठे, कॉलेज कुठे! कॉलेज माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या नावाचं. १८११ पासून पुण्याचा रेसिडेंट (पेशव्यांकडे कंपनीचा प्रतिनिधी), १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. १८१७ च्या खडकीच्या लढाईत त्याचा संगमावरचा बंगला पुस्तकांसकट जळाला, हेही बाबांना सांगा.

आठ_बाराची_लोकल
एल्फिन्स्टन रोड स्टेशनही त्याचंच ना? २०१८ ला प्रभादेवी झालं, माझ्या तोंडून अजून एल्फिन्स्टनच निघतं.

खडकीकर
नाही हो. ते त्याच्या पुतण्याचं. जॉन, लॉर्ड एल्फिन्स्टन, गव्हर्नर १८५३ ते १८६०.

बंड्या_ग्लासगो
माउंटस्टुअर्टचा जन्म डम्बार्टनचा, १७७९. किल्ला झकास, पण पायऱ्या साडेपाचशेच्या वर. माझे सासरे निम्म्यात बसले आणि 'मी इथेच बरा' म्हणाले. टॅक्सीही पायऱ्या चढत नाही.

तिखट_मीठ
१८४२ ला काबूलहून माघार घेताना अख्खी फौज घालवली तो जनरलही एल्फिन्स्टनच. कौतुक कसलं करताय?

खडकीकर
तो माउंटस्टुअर्टचा चुलतभाऊ. भावाचं पाप याच्या माथी कशाला?

सुमन_ताई
अबर्डीनला माझंही मत. वारा मात्र आहे.

मूक_वाचक
एडिनबरातच बघा की. माउंटस्टुअर्ट रॉयल हायस्कूलचा विद्यार्थी. कॅल्टन हिलवरची खांबांची इमारत नव्हे, ती १८२९ ची, तोवर तो पन्नाशीला आला होता. त्याच्या वेळची १७७७ ची इमारत हायस्कूल यार्ड्सला, इन्फर्मरी स्ट्रीटच्या टोकाशी, आता विद्यापीठाकडे आहे. बाहेरून बघायला एक पेनी लागत नाही. एडिनबराच्या पूर्वेला ट्रॅनेंटजवळ एल्फिन्स्टन नावाचं खेडं आहे, तिकडे मात्र जाऊ नका. जुना मनोरा जमीन खचल्याने १९५५ ला पाडला, तळमजला तेवढा उरला.

थंडीकाका
खेड्यात काय बघायचं? अबर्डीन.

प्रभादेवीची_लेक
सगळा धागा बाबांना फोनवर वाचून दाखवला. त्यांनी एकच विचारलं, "त्या खेड्याच्या वेशीवर नावाची पाटी आहे?" म्हटलं, असणारच. "मग तिथेच. पाटीखाली फोटो काढ माझा. स्टेशनवरची काढून टाकली ना." तर बसने खेडं, सोबत थालीपिठांचा डबा. वेळ उरला तर परतताना हायस्कूल यार्ड्स. मूक_वाचक, आभार.

थंडीकाका
अबर्डीन सोडलंत. असो.