आधी स्क्रीनचं गुणोत्तर बघा
जुने व्हिडिओ गेम खेळायला हातात धरायचा कोणता कन्सोल घ्यावा, याची इथली सगळी चर्चा प्रोसेसरवर अडकली आहे, पण मुख्यतः गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचे (निन्टेंडोचा जुना हातातला कन्सोल) गेम खेळायचे असतील तर आधी स्क्रीन बघा. त्यांचं मूळ रिझोल्यूशन (आडवे×उभे पिक्सेल) 240×160; 720×480 वर ते बरोबर तिप्पट बसतं. 640×480 वर पूर्ण रुंदी भरायला गेलात की 2.67 पट होतं, मग काही पिक्सेल जाड, काही बारीक दिसतात आणि दृश्य सरकताना कडा थरथरतात. इंटिजर स्केलिंग (चित्र फक्त पूर्ण पटीत मोठं करणं) लावलं तर चित्र स्वच्छ, पण चारही बाजूंना काळी जागा. प्लेस्टेशन 1 साठी मात्र 640×480 च छान.

आणि कन्सोलसोबत आलेल्या बिननावाच्या मेमरी कार्डावर अजिबात विसंबू नका! ते बिघडलं की सेव्हही (गेममधली साठवलेली प्रगती) जातात. पहिल्याच दिवशी त्याची पूर्ण इमेज (हुबेहूब प्रत) काढून, तेवढ्याच किंवा मोठ्या क्षमतेच्या चांगल्या कार्डावर उतरवा.