तिसरी-चौथीच्या मुलांसाठी डिजिटल पोर्टफोलिओ: अ‍ॅप कुठलं, आणि मुलांना विचारायचं काय?

सत्तरीची_टीचर

नमस्कार. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. तिसरी-चौथी एकाच खोलीत, मिळून 19 मुलं. यंदा प्रत्येक मुलाचा डिजिटल पोर्टफोलिओ, म्हणजे त्याच्या वर्षभराच्या कामाचा संग्रह, करायचं ठरलंय. हेतू चांगला आहे: आपल्याला काय जमतं, कुठे अडतं, हे मुलाचं मुलालाच कळावं. हाताशी शाळेचा एक टॅब आणि माझा फोन. पावसात नेट येतं-जातं, लाइटसुद्धा.

अ‍ॅप कुठलं घेऊ? आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे "हे चित्र तू का निवडलंस?" असं विचारलं की एकोणीसच्या एकोणीस मुलं "छान आहे म्हणून" सांगतात. त्यापुढे गाडी जात नाही. शिवाय पालकांना फोटो स्टेटसला ठेवायला हवे असतात, ते वेगळंच.

पेडण्याचा_मास्तर

सीसॉ बघा. लहान मुलांसाठीच केलेलं आहे. मूल क्यूआर कोड दाखवून आत जातं, ईमेल लागत नाही, चित्र काढून त्यावर आपल्या आवाजात बोलता येतं. पालकाला फक्त स्वतःच्या मुलाचं काम दिसतं. पण नेट लागतंच.

मुलांच्या नावानं साधी गूगल खाती मात्र उघडू नका. आपल्याकडे त्याला किमान वय 13 आहे. शाळेनं शिक्षणसंस्थांसाठीचं गूगल वर्कस्पेस घेतलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

डिचोलीची_बाई

टीचर, अ‍ॅपचं शेवटी बघू. "छान आहे म्हणून" हे उत्तर येतं, कारण मुलापुढे एकच वस्तू असते. एका चित्राकडे बघून आठ वर्षांचं पोर आणखी काय सांगणार? त्याच्यापुढे स्वतःच्याच दोन वस्तू ठेवा, एक जुनी आणि एक नवी, आणि विचारा, "ह्यात काय बदललं?" मग बघा कशी बोलतात ती.

माझं मत विचाराल तर सुरुवात वाचनाच्या रेकॉर्डिंगनं करा. चित्रं, निबंध, हस्ताक्षर हे सगळं वहीतही टिकतं. वाचन टिकत नाही. डिजिटलचा खरा उपयोग तिथे आहे. दर महिन्याला एक मिनिट, फोनच्या साध्या रेकॉर्डरवर. एक छोटा उतारा वर्षभरासाठी ठरवून ठेवा, पण तो पाठ्यपुस्तकातला नको, तो पाठ होऊन जातो आणि मग मूल वाचत नाही, म्हणून दाखवतं. तीन-चार महिन्यांनी पहिलं आणि ताजं रेकॉर्डिंग एकापाठोपाठ ऐकवा. आधी हसतील, लाजतील, "हा माझा आवाज नाही" म्हणतील. त्यांचंही बरोबर आहे, कारण बोलताना आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो आणि रेकॉर्डिंगमध्ये तेवढा भाग नसतो. दोन-तीनदा ऐकू द्या, मग आवाजावरून लक्ष वाचनाकडे वळतं.

आता एक पथ्य. सातव्या-आठव्या वर्षाच्या सुमारास मुलं स्वतःला दुसऱ्यांशी ताडून बघायला लागतात. त्याआधी "मला सगळं येतं" असा थाट असतो. तुमची तिसरी-चौथी नेमकी त्या वळणावर आहे. तेव्हा एकाचं रेकॉर्डिंग वर्गात सगळ्यांना ऐकवायचं नाही. सगळ्यांची कामं एकत्र दिसतील अशी ऑनलाइन भिंतही नको. पॅडलेट सुंदर दिसतं, पण त्यावर मुलं आधी शेजाऱ्याचं बघतात आणि स्वतःचं विसरतात. मुलाची तुलना त्याच्या कालच्या कामाशीच व्हावी, नाहीतर ह्या सगळ्या उपद्व्यापाला अर्थ नाही.

निवड मुलाची असू द्या. महिन्याला दोनच गोष्टी: एक त्याला मिरवावीशी वाटते ती, आणि एक जिथे अडलं ती. दुसरी फार महत्त्वाची, आणि नेमकी तीच आपण मोठी माणसं गाळतो, कारण तपासणीला कोणी आलं की नीटनेटकं दाखवायचं असतं. खाडाखोड केलेलं गणित राहू द्या. त्यावर "कुठे अडलं, आणि मग काय केलंस?" एवढाच प्रश्न. "टीचरला विचारलं" हेही चालणारं उत्तर आहे. मदत मागावी हे कळलं, हीसुद्धा स्वतःची ओळखच.

आणि भाषा. तुमची बरीच मुलं घरी कोकणी बोलत असणार. शाळा मराठी म्हणून स्वतःबद्दलही शुद्ध मराठीतच सांग म्हटलं, की पोरं पुस्तकी वाक्यं सांगून मोकळी होतात. "तुवें हें कित्याक विंचलें?" असं विचारून बघा आणि कोकणीतलं उत्तर तसंच्या तसं रेकॉर्ड करा. तिथे व्याकरण सुधारायला जाऊ नका. मराठी शिकवायला दिवसभर आहेच की.

सत्तरीची_टीचर

बाई, हे फार कामाचं आहे. पण मग वाचनात मागे असलेल्या मुलांचं काय? दर महिन्याला आपलंच अडखळणं ऐकायचं म्हणजे त्यांना आणखी कमी वाटेल ना?

डिचोलीची_बाई

वाटू शकतं, म्हणून पोर्टफोलिओ फक्त पुस्तकाचा नको. चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची, सुट्टी संपली की माटोळीवर (गणपतीच्या वर रानातली फळं-पानं टांगतो ती) एक नोंद करून घ्या. मोठ्यांबरोबर रानात जाऊन माटोळीचं सामान आणणारी पोरं तुमच्या तालुक्यात अजून आहेत. पुस्तकातल्या ओळीवर अडखळणारा मुलगा घागरी कुठली, कांगणां कुठली, कुठलं फळ खायचं नाही, हे घडाघडा सांगतो. त्याला चित्र काढू दे, नाहीतर माटोळीचा फोटो घ्या, आणि त्यावर त्याचा आवाज. शेवटी त्याच्याच तोंडून येऊ दे, "मला रानातलं ओळखता येतं." तुम्ही आधी म्हणू नका.

आणि अडखळणाऱ्या मुलाला सगळं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकवू नका. सुधारलेला दहा सेकंदांचा तुकडा ऐकवा. पुढचं तो स्वतःच मागेल.

फर्मागुडीचा_बाबा

दोन मुलांचा बाप म्हणून लिहितो, राग मानू नका. मुलं आधीच फोनला चिकटलेली. त्यात शाळेतही टॅब. पुठ्ठ्याची फाइल आणि दोरी होती तेव्हा काय मुलं स्वतःला ओळखत नव्हती? आणि टीचरना वर्गाबाहेरची कामं काय कमी आहेत?

पेडण्याचा_मास्तर

कामाचं म्हणणं शंभर टक्के पटलं. पण स्क्रीनचं नाही. मूल महिन्यात चार-पाच मिनिटं टॅबसमोर, तेही बोलायला. चित्रं आणि वह्या फाइलीतच ठेवा, त्याचे फोटो काढत बसायची गरज नाही.

वेळेचा हिशोब: रोज एक मूल. बाकीची शुद्धलेखन लिहीत असताना व्हरांड्यात घ्यायचं. महिन्याच्या शाळेच्या दिवसांत 19 मुलं आरामात बसतात. महिनाअखेर सगळी एकदम करायला गेलात तर वैतागाल.

जागेचाही प्रश्न नाही. एका मिनिटाचं बोलणं साधारण एक एमबी. 19 मुलं, दहा महिने, दोन-दोन नोंदी धरल्या तरी 400 एमबीच्या आतबाहेर. गूगल ड्राइव्हवर 15 जीबी फुकट मिळतं. टॅबवर प्रत्येक मुलाचं फोल्डर करा, फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग हजेरी क्रमांक, म्हणजे आपोआप ओळीनं लागतात. नेट असेल त्या दिवशी प्रत ड्राइव्हवर चढवायची. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो हलवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक अक्षर वाचता येत नाही.

कोडिंगवाला_म्हापसा

मी मोठ्या मुलांना शिकवतो, केअर्स ह्या गोव्यातल्या शाळांच्या योजनेतलं कोडिंग. तिथलं एक सांगतो. स्क्रॅचमध्ये (त्यात मुलं कोड लिहून पडद्यावरचं मांजर हलवतात) प्रोजेक्ट सुधारलं की जुनं पुसलं जातं, म्हणून मुलांना दर टप्प्याला आधी प्रत काढून ठेवायला लावतो. चालत नसलेलं मांजर आणि चाललेलं मांजर शेजारी-शेजारी उघडलं, की "सर, मी इथे लूप लावायला विसरलो होतो" (लूप म्हणजे तेच पुन्हा पुन्हा करायची सूचना) हे मूल स्वतः सांगतं. बाईंनी सांगितलं तेच, फक्त वाचनाऐवजी कोड.

तपासणीची काळजी असेल तर हेही ध्यानात असू द्या: 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रगतिपत्रक सर्वांगीण असावं आणि त्यात मुलाचं स्वतःचं नि सोबत्यांनी केलेलं मूल्यमापन असावं, असं स्पष्ट लिहिलंय. खाडाखोडीचं पान कोणाला खटकलं तर ते पुढे करा.

सत्तरीची_टीचर

मग ठरलं. फोनचा रेकॉर्डर, टॅबवर फोल्डर, चित्रं पुठ्ठ्याच्या फाइलीत. सीसॉ पुढच्या वर्षी, नेट सुधारलं तर. आता पालकांचं सांगा. संमती कशी घ्यायची? आणि स्टेटसचं?

पेडण्याचा_मास्तर

2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरलाय, आणि मुलाची माहिती वापरायला पालकाची पडताळता येईल अशी संमती हा त्याचा गाभा आहे. शाळांना कुठे किती सूट, ह्या वादात न शिरता सरळ लेखी संमती घ्या. तोंडी "हो टीचर" पुरत नाही.

स्टेटसला साफ नाही म्हणा. वाचनाचं रेकॉर्डिंग तर मुळीच देऊ नका, गावभर फिरतं. पालकसभेला बोलवा, आणि मूल स्वतः आपल्या आईबाबांना दोन नोंदी ऐकवू दे. तुम्ही मध्ये बोलू नका.

मजकूर असा चालेल: "माझ्या पाल्याचे वाचन व बोलणे शाळेने रेकॉर्ड करावे, यास माझी संमती आहे. हे रेकॉर्डिंग फक्त पाल्य, पालक व वर्गशिक्षिका ऐकतील. ते इतरत्र पाठवले जाणार नाही. वर्षअखेर त्याची प्रत मला मिळेल व मी सांगितल्यास शाळेकडील प्रत पुसली जाईल. मी ही संमती केव्हाही मागे घेऊ शकतो/शकते." खाली सही आणि तारीख. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा, आणि जे नको म्हणतील त्यांच्या मुलाचं फक्त फाइलीत ठेवा.