प्रतिसाद: कार्ल म्हणजे राजा? उलटं आहे

वर कुणीतरी लिहिलंय की 'कार्ल' या नावाचा अर्थ राजा. गंमत म्हणजे गाडी उलट्या दिशेने धावली आहे. जुन्या जर्मानिक भाषांत या शब्दाचा अर्थ साधा माणूस, गडी, स्वतंत्र पुरुष. आजच्या जर्मनमधला 'केर्ल' (आपला 'गडी') त्याचाच भाऊबंद. इंग्रजीतला 'चर्ल' तर घसरत घसरत 'गावंढळ, उद्धट माणूस' या अर्थावर येऊन थांबला.

मग राजा कुठून आला? शार्लमेनकडून, म्हणजेच 'महान कार्ल'कडून. पश्चिम युरोपातल्या फ्रँक लोकांचा हा राजा इ.स. ८०० मध्ये सम्राट झाला, ८१४ मध्ये वारला. त्याचा दरारा असा की शेजारच्या स्लाव लोकांनी त्याचं नावच 'राजा' या अर्थाने घेतलं, असं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. पोलिश 'क्रूल', चेक 'क्राल', रशियन 'कोरोल' हे सगळे तिथूनच. हंगेरियन 'किराय'ही स्लावांकडून उचललेला. रोमच्या सीझरच्या नावाचा 'कैसर' (सम्राट) झाला आणि तो 'कैसर-ए-हिंद'पर्यंत पोचला, तसाच हा प्रकार.

लॅटिनमध्ये कार्लचा 'कॅरोलस' झाला. त्यातून कार्लोस, चार्ल्स, शार्लट, कॅरोलाइन, आणि अमेरिकेतली दोन कॅरोलायना राज्यंसुद्धा.

स्वीडनचा किस्सा मात्र माझा सर्वात आवडता. सध्याचा राजा कार्ल सोळावा, पण पहिले सहा कार्ल कधी झालेच नाहीत! सोळाव्या शतकातल्या एका इतिहासकाराने रचलेल्या काल्पनिक वंशावळीवर विसंबून एका राजाने स्वतःला 'नववा' म्हणवून घेतलं आणि पुढचे सगळे तीच मोजणी चालवत आले.